वारे, गुठळी आणि घड्याळ

"अमक्याच्या अंगावरून वारे गेले," असे आपल्याकडे म्हणतात. काल संध्याकाळपर्यंत ओटीवर बसून नातवंडांवर ओरडणाऱ्या आजोबांना आज सकाळी अंथरुणातून उजवा हात उचलत नाही. तोंड एका बाजूला ओढले गेले आहे, बोलायला जावे तर शब्दाऐवजी नुसता आवाज बाहेर पडतो. आणि शेजारपाजारची मंडळी उंबऱ्याशी उभी राहून हलक्या स्वरात एवढेच सांगतात की, वारे गेले. या बोलण्यात दुःख आहे, कळवळाही आहे; पण प्रश्न मात्र नाही. वारे कुठून आले, ते अडवता आले असते काय, हे वाऱ्याला विचारायचे तरी कोणी?

आपलीच भाषा अशी हताश आहे असे समजू नका. चरकसंहितेत पक्षाघाताची गणना वातव्याधींत केली आहे. तेव्हा आपले हे वारे शास्त्रातूनच घराघरांत उतरले म्हणायचे. ग्रीक वैद्यांनी या रोगाला जे नाव दिले त्याचा अर्थ माणसाला कोसळवणारा तडाखा असा होतो, आणि इंग्रजीतला 'स्ट्रोक' म्हणजे तर सरळ फटकाच. वारे काय, तडाखा काय आणि फटका काय, सारे बाहेरून येणार, अवचित येणार, आणि माणसाने ते मुकाट्याने सोसायचे! दोन हजार वर्षे या शब्दांनी माणसाला हात जोडून बसायला शिकवले.

मी काही वैद्य नव्हे. शाळेत मुलांना इतिहास शिकवावा आणि सुटीत कादंबऱ्या लिहाव्या, एवढाच माझा व्यवसाय. पण इतिहासाच्या मास्तराला एक खोड जडते. लढाईत कोणत्या सरदाराने तलवार गाजवली हे मुलांना सांगून झाले की त्याची नजर हळूच दाणागोट्याकडे वळते. फौजेला रसद वेळेवर पोचली होती का? जासूद किती वाजता आला? अर्धांगवायूशी माणसाने दिलेल्या झुंजीचा इतिहास वाचताना मला हेच पदोपदी दिसले. या लढाईत शूर सरदार आहेतच. पण अधिक माणसे वाचली ती छावणीच्या बंदोबस्तामुळे. ती हकीकत आज सणाच्या निमित्ताने घरातल्या थोरामोठ्यांसमोर मांडावी असे वाटले. सणासुदीला ही कुठली कथा, असे कोणी म्हणेल. पण दरवर्षी २९ ऑक्टोबरला जगभर पक्षाघात दिन पाळतात, आणि तो बहुधा आपल्या दिवाळीच्या आगेमागेच येतो. शिवाय घरातली सगळी माणसे एका पंगतीला बसलेली असतात ती याच दिवसांत.

या वाऱ्याचा पहिला माग लागला तो स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेन नावाच्या गावी. तिथला नगरवैद्य योहान याकोब वेप्फर याने तडाख्याने मेलेल्या माणसांची शवविच्छेदने केली आणि १६५८ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. बाहेरून जखम नाही, हाड मोडलेले नाही आणि आत पाहावे तर मेंदूत रक्त साकळलेले! मेंदूकडे जाणारी वाट तुंबली तरीही हाच परिणाम होईल, हेही त्याने ओळखले. त्यानंतर सहाच वर्षांनी, १६६४त, इंग्लंडमध्ये टॉमस विलिस याने मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे एक कडे असते हे नीट वर्णन करून सांगितले. एक वाट बंद झाली तर दुसरीने रक्त पोचावे अशी ही निसर्गाची योजना. त्या ग्रंथातल्या आकृत्या काढणाऱ्यांत ख्रिस्तोफर रेन होता; पुढे लंडनचे सेंट पॉलचे भव्य चर्च ज्याने उभारले तोच हा रेन.

मग ज्ञान वाढतच गेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीत रुडॉल्फ फिर्खो याने रक्ताची गुठळी कशी होते आणि ती प्रवाहाबरोबर वाहत जाऊन दूर कुठे कशी अडकते हे दाखवून दिले. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका याच्याकडे एक रोगी आला. बिचाऱ्याला एकच अक्षर बोलता येई. तो मेल्यावर त्याच्या मेंदूच्या डाव्या अंगाला पुढच्या भागात बिघाड सापडला, आणि वाचेचे घर कुठे आहे हे जगाला कळले. वारे गेले आणि त्याच्या जागी गुठळी आली.

पण गुठळी समजली म्हणून रोग्याच्या पदरात काय पडले? खरे सांगायचे तर काहीच नाही. ज्ञान आणि उपाय यांच्यात तीनशे वर्षांची दरी होती, आणि त्या दरीत राव आणि रंक सारखेच पडत होते. १९१९च्या ऑक्टोबरात अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांची डावी बाजू गेली. लेनिनला १९२२च्या मे महिन्यात पहिला झटका आला, १९२३च्या मार्चमध्ये त्याची वाचा गेली, आणि १९२४च्या जानेवारीत तो मरण पावला. ज्याच्या भाषणांनी एक साम्राज्य उलथले त्याला अखेरच्या दिवसांत शब्दाशब्दासाठी धडपडावे लागले. अध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब १९४४ सालीच १८६वर १०८ असा भरला होता. पण त्या काळी तो उतरवणारे धड औषध नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी स्वतःचे चित्र काढवून घेत बसले असताना त्यांनी डोके फार दुखते अशी तक्रार केली आणि अवघ्या दोनएक तासांत सारे आटोपले. त्या वेळी मोजलेला दाब होता ३००वर १९०.

या सगळ्यांत मला सर्वांत बोलकी वाटते ती स्टालिनची गोष्ट. १ मार्च १९५३ रोजी दिवसभर त्याच्या खोलीतून काही चाहूल आली नाही. बोलावल्यावाचून आत पाऊल टाकायचे नाही असा हुकूम. पहारेकरी दाराबाहेर घुटमळत राहिले. रात्री उशिरा धीर करून आत शिरतात तो हुकूमशहा जमिनीवर पडलेला. मग निरोप मंत्र्यांना गेला, आणि डॉक्टर आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. त्याचा जुना वैद्य तर त्याच्याच हुकमाने तुरुंगात होता! डॉक्टरांनी जळवा लावल्या. ५ मार्चला तो मेला. लवकर डॉक्टर आले असते तरी मेंदूतला तो रक्तस्राव त्या काळात थांबवता आला असता असे नाही. पण निम्म्या जगाला धाक घालणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरात वेळेवर एक वैद्य मिळू नये, यात या रोगाच्या इतिहासाचे मर्म आहे. सत्ता पुष्कळ होती, बंदोबस्त नव्हता.

त्या काळच्या इस्पितळांतही निराळे चित्र नसे. अशा रोग्याला वॉर्डाच्या कोपऱ्यातली खाट मिळे. निरनिराळ्या रोगांच्या तीसचाळीस माणसांत तो एक. 'आता निसर्गावर सोडा' असे नातेवाइकांना सांगितले जाई. त्यात डॉक्टरांची निर्दयता नव्हती. आत गुठळी आहे की रक्त फुटले आहे, हेच जिवंत माणसात पाहता येत नव्हते, आणि दोहोंचे उपाय तर परस्परांच्या उलट. गुठळी विरघळवणारे औषध रक्तस्रावाच्या रोग्याला दिले तर ते विषच ठरावे.

हा पडदा दूर केला तो एका गाण्याच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीतल्या इंजिनियराने! गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे त्याचे नाव. ई. एम. आय. ही त्याची कंपनी. क्ष-किरण निरनिराळ्या कोनांतून सोडायचे, गणकयंत्राला हिशेब करायला लावायचा आणि मेंदूचे आडवे काप कागदावर उतरवायचे, अशी त्याची युक्ती. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या इस्पितळात पहिल्या रोग्याचे चित्र घेतले गेले. यालाच आपण आज सी. टी. स्कॅन म्हणतो. १९७९ साली हाउन्सफील्डला नोबेल पारितोषिक मिळाले. कवटी न उघडता आत रक्त आहे की नाही हे आता दिसू लागले.

यानंतर गोष्ट औषधाकडे वळेल असे वाचकांना वाटेल. पण ती आधी वळते नॉर्वेतल्या त्रोंडहाइम गावाकडे, आणि तेही काही खाटांकडे. तिथल्या डॉक्टरांनी १९९१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पक्षाघाताचे २२० रोगी घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्या तशी त्यांची दोन गटांत वाटणी केली. ११० जणांना नेहमीच्या वॉर्डात ठेवले, ११० जणांना फक्त याच रोगासाठी राखलेल्या कक्षात. या कक्षात कोणतेही नवे जादूचे औषध नव्हते. डॉक्टर, परिचारिका, हातापायांचा व्यायाम घेणारे, अशी शिकवून तयार केलेली माणसे एकत्र काम करीत. रोग्याला लवकरात लवकर उठवून बसवीत. ताप, साखर, रक्तदाब यांच्यावर डोळा ठेवीत. आणि पहिल्या दिवसापासून घरच्या माणसांना बरोबर घेत. बस, एवढेच.

सहा आठवड्यांनी मोजदाद झाली. नेहमीच्या वॉर्डातले १९ जण दगावले होते. राखीव कक्षातले ८. वॉर्डातून ३६ जण घरी पोचले होते, कक्षातून ६२. वाचकहो, हे आकडे मी मुद्दाम अक्षरशः देत आहे. कारण हे साधले ते माणसांच्या नेमणुकीने. इमारत तीच, औषधांचे कपाट तेच, गावही तेच. फक्त कोणी, कधी, काय करायचे हे ठरलेले होते. इतर देशांतही असेच प्रयोग झाले आणि सर्वांचा हिशेब एकत्र मांडल्यावर निष्कर्ष तोच निघाला.

औषध आले ते चार वर्षांनी. १९९५च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या ६२४ रोग्यांवरील प्रयोगाचा निकाल जाहीर झाला. गुठळी विरघळवणारे टी. पी. ए. नावाचे औषध झटका आल्यापासून तीन तासांच्या आत शिरेतून दिले, तर तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ववत होण्याची शक्यता निदान तीस टक्क्यांनी वाढते, असे दिसून आले. पण देवाने अमृताबरोबर हलाहलही दिले होते. औषध घेतलेल्या शंभर जणांत सहाहून थोड्या अधिकांच्या मेंदूत गंभीर रक्तस्राव झाला. औषध न घेतलेल्यांत हे प्रमाण शंभरांत एकाहूनही कमी होते. म्हणून हे औषध आंधळेपणाने देता येत नाही. आधी स्कॅन हवा, परीक्षा हवी. आणि हे सारे घड्याळाच्या टोल्यावर. पुढे २००८ साली ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. परंतु त्या मुदतीतही जितका उशीर तितका लाभ कमी. २००६ साली एका अमेरिकन डॉक्टराने हिशेब मांडला की, मोठी रक्तवाहिनी तुंबली की दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी मरतात. आपण 'येतोच पाच मिनिटांत' म्हणतो ना, ती पाच मिनिटे या भावाने मोजून पाहा.

आता खरी अडचण लक्षात आली. रोगी इस्पितळाच्या दारात वेळेवर यायचा, पण दारापासून सुईपर्यंत पोचता पोचता त्याचा वेळ संपायचा. आधी नावनोंदणी, मग डॉक्टर, मग दुसऱ्या इमारतीतल्या स्कॅनसाठी रांग, मग रक्ततपासणीचा कागद, मग औषध आणायला शिपाई! फिनलंडची राजधानी हेलसिंकी इथे १९९८ साली दारापासून सुईपर्यंत साधारण १०५ मिनिटे लागत. तिथल्या मंडळींनी एकेक गाठ सोडवायला घेतली. रुग्णवाहिकेतूनच फोन यायचा, म्हणजे रोगी पोचण्याआधीच त्याची माहिती हाताशी. स्कॅनचे यंत्र दाराजवळ आणले. रोग्याला खाटेवर न नेता रुग्णवाहिकेच्या स्ट्रेचरवरूनच थेट यंत्रापाशी न्यायचे. औषध आधीच तयार ठेवायचे, आणि चित्रात रक्त नाही असे दिसताच तिथेच टोचायचे. अशा बारा सुधारणा त्यांनी केल्या. २०११ साली तेच अंतर २० मिनिटांवर आले. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या एका इस्पितळाने हीच पद्धत उचलली, तेव्हा तिथला दिवसपाळीचा वेळ थोड्याच महिन्यांत ४३ मिनिटांवरून २५वर उतरला. याचा अर्थ, ही काही फिनलंडच्या हवेची करामत नव्हती.

त्याच ऑस्ट्रेलियातली दुसरी एक हकीकत घरातल्या बायामाणसांनी विशेष ऐकावी अशी आहे. २०११ साली तिथल्या १९ पक्षाघात-कक्षांतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही कक्षांतल्या परिचारिकांना तीनच गोष्टी काटेकोरपणे करायला शिकवले: ताप चढू द्यायचा नाही, रक्तातली साखर वाढू द्यायची नाही, आणि रोग्याला गिळता येते की नाही हे तपासल्यावाचून तोंडात काही घालायचे नाही. तीन महिन्यांनी पाहिले तर या कक्षांतले शंभरांपैकी ४२ जण दगावलेले किंवा परावलंबी झालेले होते. इतर कक्षांत हाच आकडा ५८ होता. आपल्याकडे माणूस कोसळला की पहिली धाव कशासाठी असते? कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी चमच्याने पाणी पाजतो, कोणी कॉफी करतो. त्यात माया असते हे खरे. पण ज्याचा घसा लुळा पडला आहे त्याच्या तोंडात घातलेले पाणी पोटात न जाता फुप्फुसात उतरते आणि मेंदूतून वाचलेला माणूस न्यूमोनियाने जातो.

पुढची पावलेही बंदोबस्ताचीच होती. २०१० साली लंडन शहराने धाडस केले. पूर्वी तीसएक इस्पितळांत विखुरलेले हे रोगी आता फक्त आठ ठिकाणी, रात्रंदिवस सज्ज असलेल्या कक्षांत, न्यायचे ठरले. रुग्णवाहिका जवळचे इस्पितळ ओलांडून पुढे जाऊ लागल्या. लोकांना हे उफराटे वाटले असेल. पण लंडनमधले मृत्यूचे प्रमाण उरलेल्या इंग्लंडपेक्षा अधिक वेगाने घटले. आणि २०१५ साली हॉलंडमधल्या ५०० रोग्यांच्या प्रयोगाने दाखवले की, मोठी गुठळी असेल तर मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर मेंदूपर्यंत नेऊन ती काढता येते. स्वतःच्या पायांवर उभे राहणाऱ्यांचे प्रमाण त्यामुळे शंभरांत १९वरून जवळजवळ ३३वर गेले. वेप्फरने जी वाट मेलेल्या माणसात पाहिली, तिच्यातून आता जिवंत माणसात ये-जा होऊ लागली.

आणि आपल्याकडे? मुंबईत २००५ आणि २००६ या दोन वर्षांत दीड लाखांहून थोड्या अधिक वस्तीची पाहणी झाली. तीत पहिल्यांदाच झटका आलेले ४५६ जण आढळले, आणि त्यांतले दहांपैकी जवळजवळ तिघे अठ्ठावीस दिवसांच्या आत गेले. ही मुंबईची गोष्ट. जिथे डोंगर उतरून तालुक्याला यायचे आणि तालुक्याहून जिल्ह्याला जायचे, तिथले घड्याळ किती पुढे गेलेले असेल ते ज्याचे त्याने ताडावे. महाराष्ट्रात २०१४पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळू लागली, ही सोय मोठी खरी. पण गाडी नेमक्या इस्पितळाकडे वळली पाहिजे. जिथे स्कॅन नाही तिथे प्रतिष्ठित डॉक्टरही या रोगापुढे डोळे बांधलेलाच.

आपल्या समाजाला एका गोष्टीचा अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. आपण आजारी माणसाला टाकत नाही. सून, मुलगी, बायको उशाशी बसून वर्षानुवर्षे करतात. या मायेलाच शास्त्राचे शिक्षण दिले तर, अशा कल्पनेने भारतातल्या १४ इस्पितळांत १२५० रोग्यांवर एक प्रयोग झाला. घरच्या माणसांना व्यायाम आणि शुश्रूषा शिकवून घरी पाठवले. २०१७ साली निकाल आला: सहा महिन्यांनी दोन्ही गटांत काही फरक नव्हता, दगावलेले किंवा परावलंबी झालेले इथेही शंभरांत ४७ आणि तिथेही ४७. हा निकाल वाचून मन खट्टू होते. पण तो कडू घोट आपण घेतलाच पाहिजे. घरातल्या बाईच्या कष्टांवर इस्पितळाची उणीव भागवून घेता येत नाही, असे तो स्पष्ट सांगतो. माया हवीच, मात्र शिकलेली माणसे, राखलेल्या खाटा आणि ठरलेले काम यांची मागणी आपण नगरपालिकेकडे, जिल्हा परिषदेकडे, सरकारकडे केलीच पाहिजे. रस्ता आणि नळ आपण हक्काने मागतो. मग जिल्ह्याच्या इस्पितळात असा एक कक्ष आहे काय, हे मतदाराने का विचारू नये?

झटका आलेला माणूस संपला असे मात्र कधी समजू नका. लुई पाश्चर पंचेचाळीस वर्षांचा असताना, १८६८ साली, त्याची डावी बाजू लुळी पडली. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरची लस त्याने दिली ती त्यानंतर सतरा वर्षांनी, १८८५त.

म्हणून फराळाची ताटे उचलण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. चेहरा एका बाजूला वाकडा झाला, एक हात वर उचलून धरता येईना, बोलणे अडखळले किंवा असंबद्ध झाले, यांतले एक जरी अचानक दिसले तरी रात्र सरण्याची, थोरल्या भावाच्या येण्याची, अमावास्या टळण्याची वाट पाहू नये. तोंडात काही घालू नये. गाडी बोलवावी, आणि स्कॅनची सोय असलेले इस्पितळ कोणते हे आजच विचारून ठेवावे. तिथे पोचल्यावर डॉक्टर पहिल्याने जे विचारतील त्याचे उत्तर तयार ठेवावे. ते रोग्याचे नाव मागाहून विचारतील, पैशाचे त्याहून मागाहून. त्यांचा पहिला प्रश्न असेल, "हा माणूस शेवटचा धडधाकट दिसला तो किती वाजता?"